श्रीमंत किनारा आणि आपला खिसा

दोस्तांनो, अ‍ॅटलास काढा बघू! उत्तर आणि दक्षिण अमेरिकेला जोडणारी जमिनीची चिंचोळी पट्टी दिसते ना? तिथे निकाराग्वा आणि पनामाच्या मधे एक छोटासा देश बसलाय. कोस्टा रिका! एका बाजूला पॅसिफिक महासागर, दुसऱ्या बाजूला कॅरिबियन समुद्र. आपला महाराष्ट्र त्याच्या सहापट मोठा. पण जगातल्या प्राण्या-वनस्पतींच्या जातींपैकी सुमारे ५ टक्के जाती या एवढ्याशा देशात आहेत, असं मानतात.

या नावाचा स्पॅनिश भाषेतला अर्थ 'श्रीमंत किनारा'. "मग तिथे आपल्यासारख्यांनी जायचं कसं?" असं बाबा विचारतील. आणि त्यांचं बरोबर आहे. भारतातून थेट विमान नाही, युरोपात किंवा अमेरिकेत बदलावं लागतं. सगळ्यात मोठा खर्च हाच. त्यासाठी घरात दोन-चार वर्षं पैसे साठवावे लागतील. पण तिथे उतरल्यानंतरचा खर्च बराचसा आपल्या हातात असतो. तेव्हा एक शंभरपानी वही घ्या आणि दोन रकाने आखा : 'इथे वाचवू' आणि 'इथे वाचवायचं नाही'.

आधी पहिला रकाना. डिसेंबर ते एप्रिल तिथला कोरडा हंगाम. तेव्हा पर्यटकांची झुंबड आणि खोल्यांचे दर चढलेले. मे महिन्यात पाऊस सुरू झाला, की दर उतरू लागतात. या दिवसांना तिथे 'हिरवा हंगाम' म्हणतात. बहुधा सकाळी ऊन आणि दुपारनंतर सर. आपल्याला पावसाचं काय एवढं? शिवाय मे म्हणजे आपली सुट्टीच की!

मग जेवण. तिथे गल्लीबोळात 'सोडा' असतो. बाटलीतला नव्हे हं! घरच्यांनी चालवलेल्या छोट्या खानावळीला तिथे सोडा म्हणतात. तिथे 'कासादो' मागा. भात, घेवड्याचे दाणे, तळलेलं केळं, कोशिंबिरीसारखं काहीतरी आणि सोबत मासे किंवा मांस. शाकाहारी मंडळींनी 'सिन कार्ने', म्हणजे 'मांस नको', असं सांगायचं. मोठ्या हॉटेलापेक्षा हे जेवण खूपच स्वस्त पडतं. आणि बहुतेक ठिकाणी नळाचं पाणी पिता येतं, म्हणजे बाटल्यांचा खर्चही वाचला.

प्रवास एस.टी.सारख्या साध्या बसने करा. राजधानी सान होसेहून सगळीकडे बस जातात. देश लहान असला, तरी रस्ते घाटांचे, त्यामुळे वेळ बराच लागतो. म्हणून दहा दिवसांत दोनच ठिकाणं ठरवा : मोंतेवेर्देचं ढगांत बुडालेलं जंगल आणि मानुएल आंतोनियोचा समुद्रकिनारा. आरेनाल ज्वालामुखी नकाशावरून खुणावेल, ताई-दादांची भांडणंही होतील. पण प्रत्येक नवं ठिकाण म्हणजे नवं भाडं, आणि वर एक दिवस प्रवासात.

आता दुसरा रकाना. तो जास्त महत्त्वाचा! जंगलात माहितगार वाटाड्या घ्याच. पानांच्या गर्दीत लपलेला स्लॉथ आपल्याला दिसत नाही, त्याला बरोबर दिसतो. हा आळशी प्राणी झाडावरून साधारण आठवड्यातून एकदाच, शी करायला खाली उतरतो! कुणी थोड्या पैशांत तो हातात घेऊन फोटो काढायला सांगितलं, तर सरळ नाही म्हणा. त्यात त्या बिचाऱ्याचे हाल होतात. २०१९ मध्ये तिथल्या सरकारनेच अशा फोटोंविरुद्ध मोहीम काढली. उद्यानाचं तिकीटही बुडवायचं नाही, कारण जंगलाची राखण त्याच पैशांतून होते. आणि आईबाबा, व्हिसाचे नियम बदलत असतात. तिकिटं काढण्याआधी नवी दिल्लीतल्या कोस्टा रिकाच्या दूतावासात विचारून घ्या. वाटेत विमान बदलायच्या देशाचेही नियम बघा.

जाता जाता एक खरी गोष्ट. १९८७ मध्ये स्वीडनमधल्या एका लहानशा शाळेत मुलांनी ऐकलं, की मोंतेवेर्देजवळची झाडं तोडली जाताहेत. ती म्हणाली, "मग आपणच ते जंगल विकत घेऊ या!" नाटुकली करून, खाऊ विकून त्यांनी पैसे जमवले आणि थोडी जमीन घेतली. पाहता पाहता चाळीसहून अधिक देशांतल्या मुलांनी त्यात आपली भर घातली. आज ते 'मुलांचं चिरंतन वर्षावन' २२ हजार हेक्टरांहून मोठं आहे. म्हणजे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या दुपटीहूनही जास्त! त्यातल्या पायवाटांवरून तुम्हालाही हिंडता येईल.

त्या मुलांनीही सुरुवात चिल्लर मोजूनच केली होती. तेव्हा वही उघडा, आणि पहिला आकडा आज रात्री आईबाबांच्या शेजारी बसून लिहा.