मंडळाच्या वहीत एक पान धंद्याचे



डिसेंबरच्या अखेरीस आम्ही दिवेआगरला जाऊन आलो. हिंडायला नव्हे, नात्यातल्या एका मुलीच्या मंगल परिणयाला. पण नाताळच्या सुट्टीचे दिवस, त्यामुळे म्हसळ्यापासूनच मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रीघ लागलेली. आमची एस.टी. मध्ये अडकून पडली ती पडलीच. गावात शिरलो तर घरोघरी ‘राहण्याची व घरगुती जेवणाची सोय’ अशा पाट्या. एकेकाळी नारळ-सुपारीच्या वाड्यांवर चालणारे हे गाव आता बरेचसे पाहुण्यांवर चालते.

ज्यांच्याकडे आम्ही उतरलो त्या ताई पूर्वी सुपारी सोलायला रोजाने जात. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली, आणि ती सोलणारे हात बहुतेक बायांचेच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर चढले आणि एका दुपारी वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचे नवे झाड धरायला वर्षे जावी लागतात. झाडांचे पंचनामे झाले, मालकांना कमी-जास्त भरपाई मिळाली. सोलणारीच्या बुडालेल्या रोजाचा पंचनामा मात्र कुठल्याच कागदावर होत नाही. तेव्हा ताईंनी मसाला करायला घेतला. मिरची भाजून, कुटून, गरम मसाला घालून केलेला आपला घरचा लाल मसाला. जोडीला पोह्याचे पापड, कोकमाचे आगळ, पावसाळ्यासाठी सुकटीची चटणी. हाताला चव आहे. आम्ही जेवलो म्हणून सांगतो.

संध्याकाळी ताईंसोबत समुद्रावर गेलो. तिथे आपल्याच वाडीतल्या एक वहिनी टपरी चालवतात. ऑम्लेट, भजी, मागणी असेल तर तळलेली मासळी. बोलता बोलता आम्ही विचारले, मसाला कुठला वापरता? वहिनी म्हणाल्या, बोर्ली पंचतनच्या दुकानातून पाकिटे आणते. आम्ही ताईंकडे बघितले. ताई वाळूकडे बघत होत्या.

या दोघी एकाच बचत गटात आहेत. किती वर्षे? बारा! बारा वर्षे दर महिन्याला शेजारी बसून पैसे भरतात, सही करतात, कर्जाचा हप्ता फेडतात, चहा पितात आणि उठतात. एकमेकींच्या सुनांची नावे ठाऊक आहेत, दुखणी-बाणी ठाऊक आहेत. पण तू काय विकतेस आणि मी काय विकत घेते, हा प्रश्न बारा वर्षांत निघाला नाही. वाडीतच शिवणकाम करणाऱ्या एक काकी आहेत. त्यांनाही पाहुण्यांच्या खोल्यांचे पडदे, उशांचे अभ्रे कोण शिवते याचा पत्ता नव्हता. ते काम बाहेर जात होते.

आम्ही यात त्या भगिनींना दोष देत नाही. गटाला तसेच वळण लावले गेले. वसुली किती टक्के झाली हे बँक विचारते, वही नीट आहे का हे साहेब विचारतात. धंदा किती झाला हे कोण विचारतो? गटाने सावकार दाराशी येणे बंद केले हे मोठेच काम झाले. पण कर्ज घेऊन केलेला माल विकायचा कुणाला, तिथे बाई एकटी पडते.

हल्ली याला नेटवर्किंग म्हणतात. शहरातल्या मोठ्या हॉटेलांत उद्योजक बायका जमतात, कार्डे देतात-घेतात. आपल्या भाषेत याचे नाव साधे आहे: ओळख. धंदा ओळखीवर चालतो. ज्यांच्या घरात तीन पिढ्या दुकान आहे त्यांना ओळख कमवावी लागत नाही. मामाचे गोदाम, साडूची गाडी, मेव्हण्याचे लॉज. आपल्या मागच्या पिढ्यांना जे रस्ते बंद होते त्यांत बाजाराचाही रस्ता होता, हे आपण विसरतो. शाळा आणि नोकरीसाठी आपण झगडलो, ते मिळवलेही. बाजाराची ओळख राहून गेली.

आणि इथे आणखी एक गाठ आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ताईंनी मागे एका घरगुती लॉजवर मसाल्याचा नमुना नेला होता. मालकीणबाईंनी बोटावर घेऊन चव पाहिली, छान आहे म्हणाल्या. मग विचारले, ‘कुठल्या वाडीतल्या तुम्ही?’ ताईंनी सांगितले. ‘बरं, कळवते,’ असे उत्तर आले. ते कळवणे अजून आलेले नाही. कदाचित त्या विसरल्या असतील. कदाचित दरात बसले नसेल. पण ताई पुन्हा कुठल्याही लॉजची पायरी चढल्या नाहीत, एवढे खरे.

हाच आपला जिल्हा. तेव्हा कुलाबा म्हणत. इथून माणगावमार्गे महाड एका दिवसात जाऊन येण्याजोगे. मार्च १९२७ मध्ये तिथे बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, तेव्हा मंडपातल्या माणसांना प्यायला पाणी हवे म्हणून ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. सत्याग्रहासाठी डिसेंबरात पुन्हा माणसे जमायची होती, तर गावातले व्यापारी माल विकायला तयार होईनात. धान्य-सामान आधीच आणून साठवावे लागले. तळे तर कागदावर खुले होते. १९२३ चा बोले ठराव झाला होता, महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केले होते. तरी पहिली ओंजळ भरायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. कागद आणि ओंजळ यांत अंतर असते. तळ्याच्या कथेतली ही बाजाराची बाजू मुलींना सांगितली पाहिजे. आपला पैसासुद्धा तेव्हा बाजारात चालत नव्हता.

आज पैसा चालतो. यूपीआयला जात विचारता येत नाही. पण अन्न शिजवणाऱ्या हाताची चौकशी अजून होते, आणि तिला एकटी बाई तोंड देऊ शकत नाही. दहाजणी असल्या तर एका लॉजने नाही म्हटल्यावर दुसऱ्या लॉजचे नाव कुणीतरी सांगते. नाही म्हणणारे असतात तसे आनंदाने घेणारेही असतात. ते कोण, हे कळायलाच ओळख लागते.

एकजुटीचा दाखला द्यायचा तर सगळे लिज्जत पापडाचा देतात. तो थोरच आहे, पण तिथे एका नावाखाली सगळ्याजणी पापड लाटतात. आपल्या ताईचा मसाला वेगळा, वहिनीची टपरी वेगळी, काकीचे मशीन वेगळे. आम्हाला जवळचा वाटतो तो गिरणगावातल्या खाणावळवाल्यांचा दाखला. तुमच्या आजीने, सासूबाईंनी त्या पाहिल्या असतील. १९७४ साली गिरण्यांचा ४२ दिवसांचा संप झाला. जेवणाऱ्यांकडे पैसे नव्हते, तरी बायांनी ताट बंद केले नाही, आणि उधारीचा डोंगर त्यांच्याच डोक्यावर आला. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. आधी १४ जणींना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळाले. तारण ठेवायला काही नव्हते. एकीची हमी दुसरीने दिली.

आपल्याला घेण्यासारखे त्याच्या अलीकडचेही आहे. त्या खाणावळीत गिऱ्हाईक कुठून येई? जाहिरात नव्हती, पाटी नव्हती. कोकणातून, देशावरून आलेला गाववाला दुसऱ्या गाववाल्याला घेऊन येई. म्हणजे ओळखीचे जाळे आधीच विणलेले होते, धंदा त्यावर उभा राहिला.

साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला १९९७ साली चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला बँक निघाली. आधी रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला होता, कारण बायांना लिहिता-वाचता येत नव्हते. बाया शिकल्या आणि पुन्हा गेल्या. साहेबांना म्हणाल्या, मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो. बँक मिळाली. आणि पुढे त्यांनी काय केले? गावातल्या छोट्या धंदेवाल्या बायांसाठी व्यापारी मंडळासारखी स्वतंत्र संस्था काढली. नुसते कर्ज पुरत नाही हे त्यांनाही उमगले असणार.

आता आपल्याकडे वळू. कोकणातल्या आपल्या लोकांकडे एक गोष्ट आहे जी फार थोड्या समाजांकडे असेल. गावात मंडळ आणि मुंबईत त्याच गावाची शाखा. परळला, चेंबूरला, विक्रोळीला, कल्याणला कुठेही राहा, वर्गणीच्या वहीत घर लागलेले असते. कोण वारले, कुणाचे लग्न ठरले, कुणाची पावती बाकी आहे, सगळे त्या वहीत. जयंतीला, वैशाख पौर्णिमेला निरोप एका रात्रीत सगळीकडे पोचतो. हे जाळे आपल्या वडीलधाऱ्यांनी घामाने विणले. पण त्या वहीत आमची कुठली भगिनी काय बनवते, हे एका ओळीतही नाही!

आमचे म्हणणे इतकेच की त्या वहीत एक पान धंद्याचे घाला. बाईचे नाव, ती काय करते, महिन्याला किती करू शकते, मागणी किती दिवस आधी सांगावी लागते, आणि भाव. भाव दोन लिहा, एक घरी नेणाऱ्याचा आणि एक पुन्हा विकणाऱ्याचा. आपल्या भगिनी सुटा आणि घाऊक भाव एकच सांगतात, मग टपरीवाली वहिनी दुकानातून घेते यात नवल काय? दुसऱ्या बाजूला काय विकत घेते तेही लिहा. आमच्या मते ही बाजू जास्त मोलाची. विकणारी शोधायला लागते, घेणारी आपल्यातच बसलेली असते.

उधारीबद्दल मात्र कडक राहा. ‘घरचीच आहे’ म्हणून दिलेली उधारी धंदाही बुडवते आणि नातेही. आणि आपल्या बाईचा माल आहे म्हणून लोक एकदा घेतील; दुसऱ्यांदा घेतील ते तिखट-मीठ पहिल्यासारखेच निघाले तर. अन्नपदार्थ करणाऱ्यांनी अन्न सुरक्षेची नोंदणी करून तिचा क्रमांक पाकिटावर घालावा. घरगुती लॉजवाल्यांना तोच लागतो, आणि त्याने ‘कुठल्या वाडीतल्या’ या प्रश्नाला थोडे तरी उत्तर मिळते. ज्यांच्याकडे स्वतःची जागा आहे त्यांनी राज्य सरकारच्या २०२३ सालच्या ‘आई’ पर्यटन धोरणाची चौकशी करावी. पर्यटनाचा धंदा करणाऱ्या महिलांच्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचे व्याज, १२ टक्क्यांच्या मर्यादेत, परत देण्याची तरतूद त्यात आहे. आपल्या वाडीतले घर दिवेआगरच्या पाहुण्यांना उतरायला का देऊ नये, हे आम्ही ताईंना विचारले. त्या हसल्या. ‘आधी मसाला खपू दे,’ म्हणाल्या.

एक अडचण आम्हाला दिसते ती बोलून टाकतो. वही सेक्रेटरींच्या पिशवीत असते आणि सभा रविवारी दुपारी, जेव्हा घरात भांडी पडलेली असतात. बंधूंनो, एखादी सभा बायकांच्या सवडीने घ्या. आणि भगिनींनो, बोलावले तर मागच्या रांगेत बसू नका.

परतताना आम्ही ताईंकडून पाच किलो मसाला आणला. मुंबईच्या शाखेच्या बैठकीत तो आठ घरांत वाटला गेला, म्हणजे विकला गेला, रोख. सेक्रेटरींनी विचारले, ही नोंद कशात घालायची, देणगीत की वर्गणीत? आम्ही म्हणालो, दोन्हींत नको. तेव्हा त्यांनी वही उलटी करून मागचे कोरे पान काढले, पट्टीने रेघा मारल्या आणि पहिल्या ओळीत ताईंचे नाव लिहिले. दुसऱ्या ओळीत टपरीवाल्या वहिनी आहेत. त्यांच्यापुढे लिहिले आहे: महिन्याला दोन किलो मसाला लागतो.

तुमच्या गावच्या मंडळाने असे पान उघडले असेल, किंवा उघडायला गेलात आणि कुणी अडवले असेल, तर दोन्ही आम्हाला जरूर कळवा.