डोळा हा नुसता कॅमेरा नव्हे

‘डोळा म्हणजे कॅमेरा’ हे वाक्य आपण सर्वांनीच घोकलेले असते. नाशिक ही दादासाहेब फाळक्यांची कर्मभूमी. तेथील मुलांना तर ही उपमा चटकन पटावी. भिंग, पडदा, प्रतिमा, इथपर्यंत ती ठीकच आहे. परंतु कॅमेऱ्याची काच निर्जीव असते. डोळ्याची ‘काच’ जिवंत आहे, आणि ती पारदर्शक राहावी म्हणून शरीराला अहोरात्र राबावे लागते. हे वर्गात सांगितलेच पाहिजे, असे माझे मत आहे.

बुबुळापुढील पारदर्शक पडद्याला पारपटल म्हणतात. त्याचा मधला थर स्पंजासारखा पाणी शोषतो आणि फुगला की धूसर होतो. पारपटलाच्या आतल्या बाजूस पेशींचा एकच पदर असतो. या पेशींतील सूक्ष्म पंप दर खेपेस सोडियमचे 3 आयन बाहेर टाकतात व पोटॅशियमचे 2 आत घेतात. आयनांच्या अशा ने-आणीमुळे पारपटलातील जादा पाणी बाहेर ओढले जाते. सशाच्या डोळ्यातील या पदराच्या दोन बाजूंमधील विद्युत्‌दाब 1972 साली मोजला गेला. तो भरला सुमारे अर्धा मिलिव्होल्ट, म्हणजे टॉर्चच्या सेलच्या तीन हजारांश!

मृत्यूनंतर हे पंप हळूहळू थंडावतात आणि पारपटल फुगू लागते. नेत्रदान शक्यतो 6 तासांच्या आत व्हावे, असे सांगतात त्यामागे हेही एक कारण आहे. सुरगाणा-पेठसारख्या दूरच्या तालुक्यांत तर एकेक तास मोलाचा.

दरवर्षी 25 ऑगस्ट ते 8 सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा असतो. त्या वेळी शिक्षकांनी घोषवाक्यांच्या जोडीला एक प्रयोग करावा. बोकडाच्या ताज्या डोळ्याचे पारपटल कापून साध्या पाण्यात ठेवावे. काही तासांत ते फुगून पांढुरके झालेले मुलांना स्वतः पाहता येईल. (नंतर हात साबणाने स्वच्छ धुवावेत.)

ज्याने हे पाहिले, तो विद्यार्थी घरात दुःखद प्रसंग आला तर वडीलधाऱ्यांना वेळीच सांगेल: नेत्रपेढीला लगेच फोन करा, पंखा बंद करा, पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. चष्मा असलेल्यांचे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांचे डोळेही दान करता येतात, हेही तो सांगेल.

घोषणा विसरल्या जातात. समजलेले कारण सहसा विसरत नाही.