गंजाला गंज म्हणा

तीन प्रकारच्या जाहिराती वाचताना माणसाने आधी चष्मा पुसावा आणि मग पाकीट घट्ट धरावे : वधूवरांच्या, नव्या ब्लॉकच्या आणि जुन्या मोटारींच्या. पहिल्या दोहोंनी माझे जे व्हायचे ते होऊन गेले आहे. (पहिलीबद्दल अधिक लिहीत नाही, घरात हे वाचले जाते.) तिसरीपासून मी आजवर सुरक्षित होतो. पण अमेरिकेत मिशिगनला राहणाऱ्या माझ्या साडूंनी मला तिच्यातही ओढले.

रात्री साडेअकराला त्यांचा फोन. "तुम्ही बँकवाले, म्हणून विचारतो. १९६० ची फोर्ड फाल्कन मिळतेय. चार दारांची. पहिल्या वर्षाचं मॉडेल. व्हिंटेज आहे हो! बारा हजार डॉलर. गाडी नाही, गुंतवणूक समजा!"

मागून मेहुणीचा आवाज आला, "पैसे कुठून काढणार तेही सांगा भावजींना!"

पैसे निघणार होते पोरीच्या कॉलेजसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून. माझी झोप उडाली. पाठोपाठ जाहिरात आली : 'दुर्मीळ व्हिंटेज अमेरिकन कॉम्पॅक्ट. मस्टँगची थोरली बहीण. सुरेख पॅटिना. चालू स्थितीत. थोडे काम बाकी. जाणकारांनीच फोन करावा.'

जाणकार म्हणवून घ्यायला कोणाला आवडत नाही? तिथेच माणूस फसतो. मी काही मोटारीतला जाणकार नाही. पण तारण म्हणून लोक काय काय पुढे करतात ते पाहण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत. विशेषणे वाढली की वस्तू तपासावी, हे मला कळते. म्हणून म्हटले, एकेक शब्द घेऊ.

'व्हिंटेज'. ब्रिटनमधले या विषयातले कर्मठ लोक साधारण १९१९ ते १९३० या काळात बनलेल्या गाडीलाच व्हिंटेज म्हणतात. फाल्कन बाजारात आली १९५९ च्या ऑक्टोबरात. त्यांच्या पंगतीत तिला पाटही मिळायचा नाही.

'दुर्मीळ'. पहिल्याच वर्षी चार लाखांवर फाल्कन खपल्या. उडप्याकडची इडली दुर्मीळ म्हणावी, तसे हे झाले.

'कॉम्पॅक्ट'. हिची लांबी पंधरा फूट! आपली अँबॅसडर चौदा फुटांच्या थोडी पुढे. म्हणजे अमेरिकेने पोट आत ओढून धरले, तरी ते आपल्या ढेरीपेक्षा मोठेच भरले.

'मस्टँगची थोरली बहीण'. हे मात्र खरे. १९६४ साली आलेली मस्टँग फाल्कनच्याच हाडांवर उभी केली होती. पण धाकटी रूपाने गाजली म्हणून थोरलीचा भाव वाढवणे हा लग्न जमवणाऱ्यांचा धंदा झाला, मोटारीचा हिशेब नव्हे.

आता खरी गंमत ऐका. ही गाडी कोणासाठी काढली होती? तुमच्याआमच्यासाठी! अमेरिकेत १९५८ साली मंदी होती. लोक पंख फुटलेल्या अजस्र मोटारींना कंटाळून जर्मनीची फोक्सवॅगन आणि घरची रॅम्बलर घेऊ लागले होते. तेव्हा फोर्डमधल्या रॉबर्ट मॅकनमारा या गृहस्थांनी ही साधी, हलकी, काटकसरी गाडी पुढे रेटली. हे पुढे संरक्षणमंत्री झाले, व्हिएतनाममुळे नको तेवढे गाजले, आणि १९६८ ते १९८१ जागतिक बँकेचे अध्यक्ष होते. म्हणजे आमच्याच खात्यातले! तरुणपणी हार्वर्डमध्ये ते अकौंटिंग शिकवत. फाल्कन म्हणजे हिशेबनिसाने हिशेबी माणसासाठी केलेली गाडी. नवी असताना किंमत दोन हजार डॉलरच्या आत. तिच्यात मिरवण्याजोगे काही नव्हते, हाच तिचा गुण. आणि आज त्याच गरीब गाईला झूल घालून, शिंगे रंगवून, हत्तीच्या भावात विकायला काढली आहे!

जुन्या गाड्यांवर प्रेम करणाऱ्यांशी माझे भांडण नाही. रविवारी गाडीखाली आडवा होऊन तोंडावर ऑईल घेणाऱ्या माणसाला माझा नमस्कार. माझे भांडण आहे ते 'पॅटिना' म्हणणाऱ्याशी. पॅटिना म्हणजे गंज. देवघरातल्या समईवरचा काळपटपणा वेगळा. ही गाडी आहे. त्यातून फाल्कनला वेगळी चासी नाही. तळ, खांब, पत्रा सगळे मिळूनच तिचा सांगाडा. तळ गंजला म्हणजे रूप नव्हे, कणा गेला. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. तिथे साठ वर्षे मुरलेल्या पत्र्याला आमच्याकडे लोणचे म्हणतात.

आणि 'थोडे काम बाकी'! चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि सगळ्यांना तेल पुरवणारी वाट एकच. एक नळी फुटली की चारही चाके मोकळी. सीटबेल्ट? तेव्हा ते गाडीबरोबर येतच नसत. सगळ्या नव्या मोटारींना त्यांची सक्ती अमेरिकेत १९६८ मध्ये झाली. हे काम न करता पोरीला मागे बसवणार असाल, तर तो कंजूषपणाही नव्हे, गुन्हा आहे.

मी साडूंना एवढेच सांगितले, "फ्रिजवरचं लोहचुंबक खिशात टाकून जा. दारांखालच्या पट्टीला लावा. आणि पायाखालची मॅट उचला."

दुसऱ्या दिवशी फोन आला. पट्टीला चुंबक चिकटले नाही. रंगाखाली नुसती लांबी भरलेली होती. आणि मॅट उचलल्यावर मालकाच्या अंगणातले गवत दिसले.

जरा वेळाने ते हळूच म्हणाले, "खरं सांगू? गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर होता. वडिलांनी मला पद्मिनीवर शिकवलं, तसाच. हात आपोआप तिकडे गेला."

मी गप्प झालो. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा मीही फाटकापाशी उगाच दोन मिनिटे उभा राहिलो होतो.

"मग तसं म्हणा ना," मी म्हटले. "धड तळाची एखादी बघा, पोरीच्या पैशाला हात न लावता घ्या, आणि वहीत 'हौस' म्हणून खर्चाच्या बाजूला लिहा. मी सही करतो. पण गुंतवणूक म्हणू नका. घसारा लागणाऱ्या वस्तूला गुंतवणूक म्हटलं की पहिल्यांदा माणूस स्वतःला फसवतो, आणि मग गिऱ्हाईक शोधतो."

हे वाक्य मला इतके आवडले की मी ते घरात दोनदा म्हणून दाखवले. तिसऱ्यांदा म्हणणार, तोच प्रश्न आला, "जिन्याखाली नऊ वर्षं पडलेल्या स्कूटरला तुम्ही काय म्हणता?"

मी तिला 'चालू स्थितीत' म्हणत होतो. शेवटी लाजेकाजेने सोसायटीच्या फळ्यावर लिहिले : 'स्कूटर विकणे आहे. गंजली आहे. चालत नाही.'

एकही जाणकार फिरकला नाही. भंगारवाला आला. त्याने येतानाच चुंबक आणले होते.