एक फोन केला असता तर...

मैत्रिणींनो, भाजीत मीठ जास्त पडलं तर आपण काय करतो? कुणाला हाक मारत बसत नाही. बटाट्याच्या दोन फोडी टाकतो, नाहीतर कणकेचा गोळा सोडतो, आणि पानं वाढायच्या आत सगळं निस्तरून टाकतो. जेवणारे 'आज भाजी छान झालीय' म्हणून उठतात आणि आपण मनातल्या मनात हसतो. संसारात हे कसब लागतंच. पण हेच कसब घेऊन मी शाळेत गेले, आणि एका मुलीची शाळा सुटता सुटता राहिली. ती गोष्ट आज तुम्हांला सांगायची आहे. सांगताना अजूनही जड जातं, पण नोकरी करणाऱ्या, शिवणाचे वर्ग चालवणाऱ्या, बचत गटात हिशेब लिहिणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळ जणींना ती उपयोगी पडेल असं वाटतं.

मी हिंगोलीच्या एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. तास संपले की घर. त्यामुळे 'आपलं काय, आपण अर्धवेळ' असं थोडं मनात असायचंच. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एप्रिल संपत आला होता. आमच्याकडे एप्रिल म्हणजे एकीकडे परीक्षा, दुसरीकडे हळदीचा हंगाम आणि तिसरीकडे पाहुणे. नणंद मुलांना घेऊन आली होती, औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जायचं ठरलं होतं. आणि नेमकी त्याच दिवशी नववीच्या मराठीच्या गुणांची यादी वर्गशिक्षिकेकडे द्यायची होती.

पेपर तपासून झाले होते, फक्त गुण यादीवर उतरवायचे होते. मी पोळ्या लाटता लाटता पेपरांवरचे आकडे वाचत होते आणि पाचवीतला माझा लेक ओट्याशेजारी स्टूल घेऊन यादीवर लिहीत होता. मी म्हटलं, "बहात्तर." त्यानं लिहिलं २७. त्यात त्याचा काय दोष? आपण बोलताना 'दोन' आधी म्हणतो आणि 'सत्तर' नंतर, लिहिताना मात्र सात आधी येतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तर दोन' अशी वाचनाची पद्धत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवतं ना? तेव्हा मीही नाकं मुरडणाऱ्यांतच होते. असो. यादी झाली. मी खाली सही केली, मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवला आणि धाकट्या दिराच्या हाती यादी शाळेत पाठवून दिली.

दोन दिवसांनी रात्री पेपरांचे गठ्ठे बांधत होते. एका पेपरावर लाल शाईत ७२ दिसले. मुलगी ओळखीची, पुढच्या बाकावरची. सहज फोटो उघडून पाहिला, तर यादीत २७! पस्तीसला पास, म्हणजे ती मराठीत नापास.

घड्याळात साडेनऊ वाजले होते. वर्गशिक्षिका नवीन लागलेली, माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान. तिचा नंबर माझ्याकडे होता. एक फोन केला असता तर मिनिटभरात काम झालं असतं. पण मी केला नाही. मनात आलं, 'एवढ्या रात्री कुठे सांगायचं? ती काय म्हणेल, एवढी साधी यादी धड करता येत नाही? शाळेत गेल्यावर हळूच निकालपत्रक मागून घेऊ आणि दुरुस्त करून टाकू.' म्हणजे पुन्हा तेच! मीठ जास्त झालं, बटाटा टाकू.

दुसऱ्या दिवशी औंढ्याला गेलो. दिवस गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी १ मे. आमच्या हिंगोलीकरांना या दिवसाचं दुहेरी अप्रूप. एक तर महाराष्ट्र दिन, आणि १९९९ साली याच तारखेला परभणीतून वेगळा होऊन आमचा जिल्हा झाला. शाळेत सकाळी झेंडावंदन आणि त्यानंतर निकाल. मी पोहोचले तेव्हा झेंडावंदन होऊन गेलं होतं आणि वर्गावर्गांतून प्रगतिपुस्तकं वाटली जात होती.

मी शिक्षक खोलीत जाऊन बसले. थोड्या वेळानं ऑफिसातून मोठमोठ्यानं बोलणं ऐकू आलं. त्या मुलीचे वडील आले होते. मार्केट यार्डात हळदीच्या कामावर जाणारा माणूस. वर्गशिक्षिका समोर उभी होती आणि सर तिला विचारत होते, "पत्रक तुम्हीच केलंत ना?" मला सगळं ऐकू येत होतं. आणि मैत्रिणींनो, खरं सांगते, मी उठले नाही. हातातली जिलबी हातातच राहिली. पाच मिनिटं तरी मी तशीच बसून होते. शेवटी शिपाईमामा आत येऊन म्हणाले, "त्या नव्या बाई रडू लागल्यात." तेव्हा कुठे माझे पाय हलले.

ऑफिसात जाऊन मी फोटो दाखवला, पेपर दाखवला. "चूक माझी आहे. मला परवा रात्रीच कळली होती," असं म्हटलं. दुसरं वाक्य तोंडातून निघायला फार कष्ट पडले. 'मुलानं लिहिलं' हे शब्द अगदी ओठांवर आले होते, पण गिळले. मुलानं लिहिलं होतं खरं, पण सही त्याची नव्हती.

सरांनी तिथल्या तिथे दुरुस्ती करून सही केली. मुलीचे वडील प्रगतिपुस्तकाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, म्या तर आज हिचं नाव काढायलाच आलतो. म्हणलं मराठीतच नापास होती, तर पुढं कशाला घालायची." ती पोरगी दाराशी ओढणीनं डोळे पुसत उभी होती.

बाहेर आल्यावर वर्गशिक्षिका मला एवढंच म्हणाली, "ताई, परवा एक फोन केला असता तर?" बस्स. ना राग, ना टोमणा. पुढे तिनं ही गोष्ट शिक्षक खोलीत कुणाजवळ काढलीही नाही. माझी चूक तिच्या अंगावर आली होती, तरी तिनं माझी लाज राखली. बरोबरीनं काम करणारी माणसं कशी असावीत, हे त्या दिवशी मी माझ्याहून लहान मुलीकडून शिकले.

नंतर पुष्कळ विचार केला. मी काही कामचुकार नाही. मग असं का वागले? मला वाटतं, आपण बायका घरात एकहाती राज्य करतो. चूकही आपली आणि निस्तरायचंही आपणच. त्यामुळे जबाबदारी म्हणजे 'गुपचूप निभावून नेणं' असं आपल्या अंगवळणी पडतं. पण चार जणींच्या कामात तसं नसतं. तिथं माझं काम जिथं संपतं, तिथून दुसरीचं सुरू होतं. माझी झाकलेली चूक तिच्या पदरात जाऊन पडते, आणि बोलणी तिला खावी लागतात.

आपली हळदच बघा ना. वसमतकडच्या मैत्रिणींना हे सांगायला नको. काढणी करणारे वेगळे, शिजवणारे वेगळे, वाळवणारे, पॉलिश करणारे वेगळे. हळद शिजली की नाही ते काडी टोचून बघतात. घाईनं कच्ची उतरवली तर त्या दिवशी कुणाला कळत नाही. दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवल्यावर, पॉलिशला गेल्यावर कळतं, की आतून नीट वाळली नाही, रंग एकसारखा उतरला नाही. भाव पडतो तो सगळ्यांच्याच मेहनतीचा.

आणि पापडाची गोष्ट तर आपल्या अगदी जवळची. लिज्जत पापड आपण सगळ्या जाणतो. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी हे काम सुरू केलं. भांडवल ऐंशी रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं झाली. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. पहिल्या वर्षी पावसाळ्यात वाळवण होईना म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह आणला. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा!

पण मला त्यांचं खरं कौतुक वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत आणि हलका माल स्वस्तात विकत. ज्यांनी त्यांना ऐंशी रुपये उसने दिले होते, त्या छगनलाल करमसी पारेख यांनी, म्हणजे छगनबाप्पांनी सांगितलं, की एकच प्रत ठेवा, ती उत्तम ठेवा, आणि हिशेब चोख लिहा. तेव्हापासून हलका माल खपवायची वाटच बंद झाली. आज चाळीस हजारांहून जास्त बायका हे काम करतात. शाखेतून मळलेलं पीठ घरी न्यायचं, आपल्या घरी पापड लाटून वाळवायचे, आणि दुसऱ्या दिवशी शाखेत आणून द्यायचे. तिथं ते पारखून घेतात आणि लाटणावळ मिळते. घरी लाटताना बघायला कुणी नसतं. पण पाकिटावर कुणा एकीचं नाव नसतं, सगळ्यांचं मिळून एकच नाव असतं. एकीचा पापड जाड निघाला तर गिऱ्हाईक 'अमुक बाईचा पापड वाईट' म्हणत नाही, 'लिज्जत बिघडलं' म्हणतं. आणि तिथं नफा-तोटाही सगळ्या बहिणींचा, मालकीणही प्रत्येक जण. म्हणून पारखून घेणाऱ्या बाईनं पापड परत दिला तर त्यात अपमान मानायचं कारण नाही. ती सगळ्यांचं नाव राखत असते. मी मात्र नेमकी ही पारख चुकवायला बघत होते.

आता माझ्या चुकीतून मी काय शिकले, ते थोडक्यात सांगते.

चूक लक्षात आली की त्याच वेळी सांगावी, आणि ज्या व्यक्तीच्या हाती आपलं काम पुढे जाणार, तिला आधी सांगावी. बोलणं अगदी साधं असावं. 'माझ्याकडून हा आकडा चुकला, बरोबर आकडा हा आहे, तुमचं काम कुठवर आलंय, मी येऊन मदत करू का?' पाहुणे, आजारपण, पाणी आलं नाही, ही कारणं मागाहून. आधी कारणं सांगत बसलं की ऐकणाऱ्याला मुद्दा कळतच नाही.

आपल्या नावाचं काम घरच्या कुणाकडून करून घेतलं तर हरकत नाही, पण आपण नजर घातल्याशिवाय सही करू नये. बचत गटाच्या वहीचंही तसंच. सेक्रेटरीनं 'इथं सही कर' म्हटलं, तरी आकडे वाचूनच सही करावी.

काम जमणार नसेल तर तसं आधीच सांगावं. 'बघते, करते' म्हणून शेवटच्या दिवशी हात वर करण्यापेक्षा आधी नकार देणारी मैत्रीण परवडते.

बरोबरच्या बाईची चूक दिसली तर ती चारचौघींत काढू नये. एकटीला गाठून सांगावी. पण सांगावी जरूर. गप्प राहून मजा बघणं हीसुद्धा एक चूकच.

आणि सवलतींविषयी. मूल तापलं म्हणून आपण लवकर घरी येतो तेव्हा आपला तास कुणीतरी घेतलेला असतो. शेजारणीकडून साखरेची वाटी आणली तर परत देताना आपण ती शिगोशीग भरून देतो. कामावरची उसनवारीही तशीच लक्षात ठेवून फेडावी.

काही जणी म्हणतील, 'घरचंच रेटता रेटता जीव जातो, त्यात हे आणखी कुठे?' खरं आहे. पण अनुभव असा आहे, की यात काम वाढत नाही, उलट कमी होतं. त्या दोन रात्री मला झोप नव्हती. फोन करायला एक मिनिट लागलं असतं.

आता मी आणि ती वर्गशिक्षिका निकालाच्या याद्या मिळून ताडून बघतो. एक जण पेपरावरचे गुण वाचते, दुसरी यादीवर बोट ठेवते. आकडा सुटा वाचायचा, 'सात, दोन'. मग मनात गोंधळ होत नाही. ती मुलगी पुढच्या वर्षी दहावीच्या वर्गात माझ्यासमोर बसली तेव्हा मला तिच्याकडे नीट बघायला काही दिवस लागले.

आणि घरी? त्या १ मेच्या संध्याकाळी लेकानं विचारलं, "आई, माझ्यामुळे झालं का गं?" मी त्याला जवळ घेऊन म्हटलं, "नाही रे. तू लिहिलंस, पण बघायचं काम माझं होतं. आणि कळल्यावर सांगायचंही माझंच होतं." दोन महिन्यांनी तोच एक दिवस शाळेतून आला आणि दप्तर खाली ठेवायच्या आधी म्हणाला, "आई, माझ्या हातून वर्गातला नकाशा फाटला. मी बाईंना सांगितलंय." नकाशाचे पैसे भरावे लागले, पण मैत्रिणींनो, ते भरताना मला मुळीच वाईट वाटलं नाही.