सोंग कोणी निवडावे?

देगलूर हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. तेलंगण व कर्नाटक ही दोन्ही राज्ये येथून जवळ. त्यामुळे बाजारात मराठीबरोबरच तेलुगू, कानडी आणि उर्दूही कानी पडते. मराठवाड्यातील अशा गावांच्या बाजारात पूर्वी बहुरूपी यावयाचा. आज पोलीस, उद्या हनुमान, परवा आणखी कोणी! कोणते सोंग घ्यावयाचे ही त्याची मर्जी. परंतु एकदा पोलिसाचा वेष चढविला, की चाल, आवाज आणि दरारा सारे पोलिसाचेच हवे. हनुमंताच्या उड्या तेथे चालावयाच्या नाहीत.

आजच्या मुलांच्या खेळात सोंगाचा हाच प्रश्न नव्या रूपाने आला आहे. पुष्कळशा व्हिडिओ गेममध्ये खेळणाऱ्याने एका पात्राची भूमिका घ्यावयाची असते. काही खेळांत त्या पात्राचे नाव, रूप, नातीगोती सारे आधीच ठरलेले असते. काही खेळांत मात्र ते खेळणाऱ्याने स्वतःच घडवावयाचे असते. यांतील बरे कोणते? 'आपण घडविलेले,' असे बहुतेक मुले चटकन सांगतील. हे उत्तर चुकीचे नाही. पण ते घाईचे आहे.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी तयार केलेला 'राजी' हा खेळ २०२० साली प्रसिद्ध झाला. राजी ही कसरतीचे खेळ करून दाखविणारी मुलगी. असुर चाल करून येतात आणि तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात. दुर्गादेवी राजीला त्रिशूळ देते व ती भावाच्या शोधात निघते. येथे खेळणाऱ्याला राजीचे नाव बदलता येत नाही, की तिचा वेषही. देगलूरचा एखादा मुलगा हा खेळ खेळू लागला, तर त्याला मुलगी व्हावे लागते. इतकेच नव्हे, तर कोणाची तरी ताई व्हावे लागते. घरी मोबाइलवरून बहिणीशी भांडणारा तो, येथे धाकट्या भावासाठी जिवाची बाजी लावतो! निवड त्याच्या हाती असती, तर त्याने मिशा पिळणारा एखादा तलवारबहाद्दर उभा केला असता, आणि स्वतः होता तेथेच राहिला असता.

याउलट 'स्कायरिम' हा २०११ सालचा अमेरिकन खेळ पाहावा. त्यात वंश, चेहरा, वर्ण, नाव सारे खेळणाऱ्याच्या इच्छेप्रमाणे. परदेशी खेळांत तयार नायक बहुधा कोणी दूरदेशीचा गोरा पुरुषच असावयाचा. अशा वेळी एखाद्या मुलीला स्वतःच्या सावळ्या रंगाची, स्वतःच्या नावाची वीरांगना उभी करता येणे, ही लहानसहान गोष्ट नव्हे. मात्र एक गंमत आहे. त्या खेळातील माणसे तिला तिच्या नावाने कधीच हाक मारीत नाहीत! त्यांचे संवाद नटांच्या आवाजात आधीच ध्वनिमुद्रित केलेले असतात. पुढे कोणते नाव लिहिले जाईल, हे त्या नटांना कसे कळावे? म्हणून सर्वांना 'ड्रॅगनबॉर्न'सारखे ठरलेले संबोधन. 'मास इफेक्ट' या २००७ सालच्या खेळाने यावर तोड काढली. नाव खेळणाऱ्याचे, पण आडनाव ठरलेले 'शेपर्ड', आणि हाक मारावयाची ती आडनावाने. युक्ती चांगली, पण ती युक्तीच.

ही अडचण यंत्राची आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ निघाला, तेव्हा त्याला कागद, पेन्सिल आणि फासे एवढेच पुरत. एकाने गोष्ट सांगावयाची, इतरांनी आपापली पात्रे घेऊन तीत शिरावयाचे. गोष्ट सांगणारा जिवंत माणूस असल्यामुळे तो प्रत्येकाला त्याच्या नावाने हाक मारी, आणि कोणी अनपेक्षित उत्तर दिले तर गोष्टच वळवी.

महाराष्ट्राला तर याहून जुनी एक रीत ठाऊक आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस 'सीतास्वयंवर' हे नाटक केले. त्यांच्या नाटकांत पदे रचलेली असत, ती सूत्रधार म्हणे. परंतु पात्रांचे गद्य भाषण बहुतेक नटांनी आयत्या वेळी करावयाचे असे. कोकणातील दशावतारात आजही तसेच चालते. राम कसा असावा हे नट ठरवीत नाही. पण आज रात्री राम काय बोलेल, हे तोच ठरवितो. 'राजी'मध्ये एवढी मोकळीक नाही, हे मान्य केले पाहिजे. तिची वाट एकच. हा त्या खेळाचा उणेपणाच होय. पण त्यावरचा उपाय तिला दुसरा चेहरा देणे हा नव्हे, तर तिच्या तोंडून आपले दोन शब्द बोलावयास मिळणे, हा होय. खेळ घडविणारे केसांचे शंभर प्रकार देतात, आणि उत्तरांचे मात्र दोनच!

आणि देगलूरच्या त्या मुलाला? गोलू सापडेपर्यंत त्याला ताईच राहावे लागेल.