जुन्या पिकअपचा हातब्रेक

चढावर बैलगाडी थांबली म्हणजे चाकाखालीं धोंडा लावावयाचा, ही आपली पिढीजात रीत आहे. बैल जुंपलेले असतां ती पुरतेही. परंतु हीच रीत आपण मोटारीसही लावूं लागलों, हें चिंतेचें आहे. जालना जिल्ह्यांत कापूस व मोसंबी वाहणाऱ्या जुन्या पिकअप गाड्या अद्याप कामांत आहेत. त्यांपैकीं कित्येकींचा हातब्रेक नांवापुरताच उरलेला असतो, व मोंढ्यांत गाडी उभी करितांना प्रथम दगडाचा शोध सुरू होतो. भरलेली गाडी उतारावरून सुटली, तर ती माणूस पाहत नाहीं कीं जनावर पाहत नाहीं.

सुटे भाग मिळत नाहींत, हें मालकांचें ठरलेलें उत्तर. आमच्या मतें तें अर्धेंच खरें आहे. काय शोधावयाचें हेंच पुष्कळदां निश्चित नसतें. मुंबईंत एके काळीं विलीज जीपची जुळणी सुरू झाली. त्या घराण्यांतील जुन्या गाड्यांचा हातब्रेक चाकांत नसून ट्रान्सफर केसच्या मागील ड्रमवर असतो. इतर बहुतेक पिकअपमध्यें केबलच्या ओढीनें मागल्या दोन्ही चाकांतील शू ड्रमवर दाबले जातात. या दोन जातींचे भाग एकमेकांस लागत नाहींत. म्हणून दुकानीं नुसतें गाडीचें नांव सांगूं नये. तुटकी कां होईना, जुनी केबल, खिटी व स्प्रिंग बरोबर न्यावी. ड्रमचा व्यासही मोजून न्यावा.

पहिल्या जातींत तेल गळून लायनर भिजले असतील, तर आधीं ऑइल सील बदलावें. एरव्हीं नवे लायनरही व्यर्थ जातील. तसेंच, केवळ या ब्रेकवर विसंबून मागचें एक चाक जॅकवर उचलूं नये. डिफरन्शियलमुळें उचललेलें चाक उलट फिरतें व गाडी सरकते.

मुंबईच्या चोर बाजारांत असे जुने भाग शोधणारे पुष्कळ. परंतु दैवदुर्विलास असा कीं, आपलें जालना हेंच भंगार वितळवून सळया करणाऱ्या कारखान्यांचें मोठें केंद्र आहे. एक शेतकरी आपली गाडी वजनावर विकतो, तिचा लिव्हर व दातेरी पट्टी भट्टींत जाते, आणि दुसरा त्याच वस्तूसाठीं परगांवीं हिंडतो!

यास्तव आमची सूचना अशी कीं, गांवोगांवच्या सहकारी सोसायट्यांनीं अशा भागांची सामाईक कोठी ठेवावी. गाडी भंगारांत जाण्यापूर्वीं तिचा लिव्हर, खिटी, ड्रम व कंस काढून, गाडीचें नांव व साल लिहून ठेवावें. मात्र केबल, स्प्रिंग व लायनर जुने वापरूं नयेत. त्यांची झीज व आंतला गंज डोळ्यांस नेहमीं दिसत नाहीं. तारेची गांठ मारून केबल जोडणें तर निव्वळ आत्मवंचना होय.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीं पायब्रेकखेरीज स्वतंत्र पार्किंग ब्रेक आवश्यक ठरविला आहे. परंतु तपासणीच्या भयानें नव्हे, तर उभ्या गाडीच्या सावलींत आपलींच मुलें खेळतात, हें स्मरून प्रत्येकानें या हंगामापूर्वीं आपला हातब्रेक पाहून घ्यावा.