बुद्ध्यंक मुलाचा की भाषेचा?

प्राणहिता आणि गोदावरी यांच्या संगमावर वसलेल्या सिरोंचा तालुक्यातील पुष्कळशी मुले घरात तेलुगू किंवा माडिया बोलतात आणि शाळेत मराठी शिकतात. या मुलांची बुद्धी मोजण्याचे प्रसंग थोडेथोडके नाहीत. राज्याच्या शिष्यवृत्ती परीक्षेत ३०० पैकी १०० गुण बुद्धिमत्ता चाचणीला आहेत. नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेत निम्मे गुण मानसिक क्षमतेचे. पुढे पोलीस भरतीलाही हाच विषय. आणि एखादे मूल फारच मागे पडले, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र मिळविण्यासाठी त्याचा बुद्ध्यंक काढला जातो. ज्या आकड्यावर एवढे अवलंबून आहे, तो नेमके काय मोजतो, हे विचारण्याचा अधिकार शिक्षकांना आणि पालकांना निश्चितच आहे.

या शास्त्राचा उगम सद्हेतूतून झाला. शाळेत ज्यांना विशेष साहाय्य हवे अशी मुले ओळखता यावीत, शिक्षकाच्या मर्जीवर त्यांचे भवितव्य राहू नये, म्हणून आल्फ्रेड बिने यांनी सिमाँ यांच्या सहकार्याने १९०५ मध्ये पॅरिस येथे पहिली श्रेणी तयार केली. बुद्धी ही जन्मजात व अचल राशी आहे, हे मत बिने यांना मान्य नव्हते. मराठी मुलुखातही हे काम फार लवकर सुरू झाले. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कानडी भाषिक मुलांसाठी बिने श्रेणीचे केलेले रूपांतर १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रात ए. जे. मॅलिन यांनी वेश्लरच्या कसोटीला भारतीय रूप दिले. या दोन्ही कसोट्या आजवर आपल्याकडे वापरात आहेत. हे कार्य मोलाचे आहे, याविषयी दुमत नसावे.

परंतु बुद्ध्यंक हा तापमापकावरील पारा नव्हे. ज्या मुलांवरून प्रमाणके ठरविली, त्यांच्याशी केलेली ती तुलना आहे. कामतांची प्रमाणके मराठी व कानडी बोलणाऱ्या मुलांची. त्यांच्याशी माडिया मुलाची तुलना केली, तर आकड्यात बुद्धी किती आणि भाषेचे अंतर किती, हे कसे निवडणार? नातेसंबंधांवरील प्रश्नाचेच उदाहरण घ्यावे. आईचा भाऊ, आत्याचा नवरा आणि सासरा ही मराठीत तीन नाती, तीन शब्द. तेलुगूत या तिघांनाही ‘मामा’ म्हणता येते. तेलुगू घरातील मुलाला आधी आपली नाती मराठीत लावून घ्यावी लागतात, मगच कोडे सुटते. घड्याळाचा काटा तेवढा वेळ थांबत नाही. आकृत्यांच्या कसोट्यांत शब्द नसतात हे खरे. पण कागदावरच्या आकृतीकडे परीक्षार्थीच्या नजरेने पाहणे हीही सवयच आहे. आणि सवय विकत मिळते. गाईड आणि शिकवणी यांनी गुण वाढतात, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. ती सोय पुण्या-नागपुरात जेवढी आहे, तेवढी सिरोंच्यात नाही.

मोठ्या माणसांच्या बाबतीत ही चूक एकदा घडून गेली आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सुमारे १७ लाख सैनिकांची बुद्धिमापने केली. त्यांच्या आधारे कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ मध्ये दक्षिण व पूर्व युरोपातून आलेले लोक बुद्धीने हीन ठरविले. वास्तविक अमेरिकेत राहून जितकी वर्षे झाली, तितके गुण अधिक, असे त्याच आकड्यांत दिसत होते. १९३० मध्ये ब्रिगहॅम यांनी आपले निष्कर्ष स्वतःच निराधार ठरविले. तोवर, १९२४ मध्ये, त्या लोकांचा प्रवेश रोखणारा कायदा होऊन गेला होता.

मग कसोट्या मोडीत काढाव्यात काय? मुळीच नाही. त्या नसतील, तर मुलाचा निवाडा पुन्हा मर्जी, जात आणि पोशाख यांच्याकडे जाईल. रानातले मूल उपजतच शहाणे असते, हा कौतुकाचा सूरही तितकाच निरुपयोगी आहे. बौद्धिक दिव्यांगत्व जंगलातही असते आणि तेथे ते अधिक उपेक्षित राहते. येथे अन्याय दोन्ही बाजूंनी संभवतो. परकी भाषा न कळलेले धडधाकट मूल मंद ठरू शकते. उलट, पिढीगणिक सरासरी गुण वाढत जातात, हे जेम्स फ्लिन यांनी १९८४ पासून दाखवून दिले आहे. त्यामुळे जुन्या प्रमाणकांवर बुद्ध्यंक फुगून येतो आणि खरोखर गरजू मूल हक्काच्या साहाय्याला मुकू शकते.

यावर उपाय अवघड असले तरी अशक्य नाहीत. सूचना मुलाच्या घरच्या भाषेत, ती भाषा जाणणाऱ्याने द्याव्यात. केवळ बुद्ध्यंकावर निर्णय न देता मूल स्वतःचे जेवण, कपडे, बाजारहाट, भावंडांचा सांभाळ कसे करते, हेही पाहावे. त्यासाठीच्या व्हाइनलँड श्रेणीचे रूपांतरही मॅलिन यांनी नागपुरातच केले होते. सुमारे २०० किलोमीटरचा प्रवास करून गडचिरोलीला पोहोचलेल्या थकल्या मुलाला लगेच कसोटीला बसवू नये. शक्य तर परीक्षकानेच सिरोंच्याला जावे. आणि तेलुगू, गोंडी व माडिया बोलणाऱ्या मुलांची स्वतंत्र प्रमाणके तयार करण्याचे काम विद्यापीठांनी हाती घ्यावे. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. हे काम त्याच्या अंगणातलेच म्हणावे लागेल.

तोपर्यंत निदान एवढे पथ्य पाळता येईल. सिरोंच्याच्या मुलाच्या कागदावर बुद्ध्यंक लिहिताना तो कोणत्या भाषेत आणि कोणत्या सालच्या प्रमाणकांवर काढला, हे शेजारी लिहिले जावे. एका ओळीची ही नोंद आहे. ती वाचणारा कारकून, शिक्षक किंवा डॉक्टर मुलावर शिक्का मारण्यापूर्वी क्षणभर थांबेल, आणि बिने यांना त्यांच्या कसोटीकडून याहून वेगळे काही अभिप्रेत नव्हते.